मुलांची वात्रट गाणी : ‘मी मुलं खातो’ म्हणणारा एक विशीतला गाणारा, आणि मराठीत असं काय आहे?

सांजवेळ (धागाकर्ती)

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लेक झोपल्यावर बसलेच.

मागच्या महिन्यात इथे अमेरिकेत, मेरीलँडमधल्या गेदर्सबर्गला, आमच्या मागच्या गल्लीत एका आजोबांचा गराज सेल होता. एका खोक्यात जुन्या एलपी, आणि त्यातल्या एकीवर लिहिलेलं ‘आय ईट किड्स’, म्हणजे चक्क ‘मी मुलं खातो’, आणि पुढे बंडखोर मुलांसाठीची गाणी. लेक साडेसहा वर्षांची आहे, नुकतं सगळं वाचायला लागलीय, ती तिथेच खिळली. आजोबांनी एका डॉलरला दिली. घरी रेकॉर्ड प्लेयर नाही, पण गाणी नेटवर मिळाली आणि तेव्हापासून आमच्या गाडीत दुसरं काही वाजत नाही.

गाणारा बॅरी लुई पोलिसर. जन्म ब्रुकलिनचा, १९५४ चा, पण युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँडमध्ये शिकलेला, म्हणजे आमच्या इथलाच म्हणायचा. हा अल्बम १९७५ चा, तेव्हा हा नुकता विशी गाठलेला मुलगा! कुठली मोठी कंपनी मागे नाही, रेनबो मॉर्निंग म्युझिक या स्वतःच्याच लेबलवर काढलेला. असं सांगतात की तो एका शाळेत गेला होता, तिथे एक बाई मुलांवर ओरडत होत्या ते त्याच्या कानावर पडलं आणि त्यातून ‘माझी बाई फार दुष्ट आहे’ अशा अर्थाचं गाणं झालं, तिथून त्याची सुरुवात. नंतर १९७७ ला ‘माझ्या भावाला वाटतं तो केळं आहे’, मग १९८० चा अल्बम तर काय सांगू, त्याचं नावच मुळी असं की स्टॅन्लीने माझ्या बुटाची नाडी चोरली आणि काखेत घासली. बहिणीला तव्यावर परतू नका, भाऊ माझ्या सशाच्या बाहुलीवर ओकला, नाकात बोट घालू नका, सगळे असले विषय. साधी गिटार, साधा आवाज, लाडं लाडं बोलणं अजिबात नाही.

आता मुद्द्याचं. परवा गाडीत ती नाकाचं गाणं बेंबीच्या देठापासून ओरडत होती आणि मधेच थांबून म्हणाली, ‘आई, मराठीत अशी गाणी का नसतात? मराठीत तू फक्त सांगतेस.’ मी म्हटलं सांगते म्हणजे काय, तर म्हणे ‘हात धू, दूध संपव, चल आवर, असं’. ती तक्रार करत नव्हती हो, नुसतं सांगत होती. त्या रात्री मी दिवसभरात तिच्याशी मराठीत काय काय बोलले ते आठवून पाह्यलं. उठ, ब्रश कर, केस विंचरू दे, डबा खाल्लास का, बूट जागेवर ठेव, आजीशी नीट बोल. बाकी सगळं, गप्पा, जोक, चिडवाचिडवी, शाळेतल्या भानगडी, इंग्रजीत. म्हणजे तिच्या डोक्यात मराठी ही हुकूम सोडायची भाषा आहे. मला खूप लागलं ते.

तर कृपया मराठीतली वात्रट गाणी सांगा. ससा, चांदोमामा, फुलपाखरू नकोय, ते सगळं आहे आमच्याकडे. हसून मुरकुंडी वळेल असलं हवंय.

---

खारीबिस्कीट

अगं किती छान लिहिलंयस! आणि हा तोच ना गं, २००७ च्या ‘जुनो’ सिनेमात सुरुवातीला ती मुलगी ज्यूसचा कॅन घेऊन चालत जाते, चित्रासारखी टायटल्स येतात, तेव्हा जे गाणं लागतं तो? मला ते नवीन गाणं वाटलं होतं इतके दिवस.

---

सांजवेळ

हो हो तोच! ते गाणं १९७७ च्या त्या केळ्याच्या अल्बममधलं आहे. तीस वर्षं जुनं मुलांचं गाणं सिनेमात गेलं, जुनोच्या गाण्यांचा अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिल्या नंबरावर गेला आणि नंतर ग्रॅमीपण मिळालं. मला ते फार भारी वाटतं, की ज्याने घरच्या घरी लेबल काढून नाकात बोट घालायची गाणी म्हटली त्याच्याकडे जग तीस वर्षांनी आलं.

---

तात्या_पेटीवाले

धागा वाचून लगेच दहाबारा गाणी ऐकली. मी गेली अठरा वर्षं मुलांना पेटी आणि सुगम शिकवतो, त्यामुळे जरा कानाने ऐकलं. गाणं म्हणण्यापेक्षा तो बोलतोय, आणि शब्द एकही हरवत नाही. मुलांच्या गाण्यात हे सगळ्यात महत्त्वाचं असतं हो. हल्लीच्या व्हिडिओंमध्ये ड्रम आणि कीबोर्डचा एवढा चिखल असतो की शब्द कळत नाहीत, मुलं स्क्रीन बघतात, गात नाहीत. इथे तीन-चार कॉर्डमध्ये काम झालंय, म्हणून कुठलंही पोर दुसऱ्या खेपेला बरोबर म्हणू शकतं.

त्याच सुमारास, १९७६ ला, कॅनडात राफी नावाच्या गायकाचा पहिला मुलांचा अल्बम आला, तोही माझ्या आवडीचा, पण तो मांडीवर घेणारा आवाज आहे. पोलिसर मुलाच्या शेजारी मागच्या बाकावर बसतो. दोन्ही लागतं मुलांना.

मराठीचं म्हणाल तर आपल्याकडे माल भरपूर आहे, आपण तो ‘बालगीत’ म्हणून इतक्या गोड चेहऱ्याने म्हणतो की त्यातला वात्रटपणा आपल्यालाच ऐकू येत नाही. पावसाला पैसा देतो म्हणायचं आणि पैसा निघतो खोटा. तरी पाऊस येतो तो येतोच, आणि मोठा येतो! पावसाला फसवलंय की सरळ सरळ. पाडगावकरांचा भोलानाथ घ्या, गणिताच्या पेपराला पोटात कळ येईल का असं पोरगं देवाला विचारतंय, शाळेभोवती तळं साचू दे म्हणतंय. हे लेकीला समजावून सांगा आणि मग म्हणा, बघा कशी हसते.

---

चकली

तात्या +१००. पावसाचं कधी असं डोक्यातच आलं नव्हतं!!

संदीप खरे-सलील कुलकर्णींचं अग्गोबाई ढग्गोबाई ऐकवलंस का? त्यात ते पप्पाचा फोन ढापून फोन करणाऱ्या पोराचं गाणं आहे, आमच्या जुळ्यांनी ते लावून लावून आम्हाला वेड आणलं होतं. ‘ढापून’ हा शब्द मुलांच्या गाण्यात आला यातच सगळं आलं बघ, कारण ‘चोरून’ म्हटलं की ओरडा बसतो आणि ‘ढापून’ म्हटलं की पोरं टाळ्या देतात.

---

रानमोगरा

मी जरा वेगळा सूर लावते, राग मानू नका. मी सातारा भागात प्राथमिक शाळेत शिकवते, तिसरीचा वर्ग आहे. बाई दुष्ट आहे असं गाणं मुलांना आपणहून लावून द्यायचं हे मला पटत नाही. आमच्या वर्गात अडतीस मुलं आहेत, मी दिवसभर घसा फोडते, कधी ओरडतेही, आणि संध्याकाळी मला त्याचं वाईटही वाटतं. शिक्षकांबद्दल आदर आधीच कमी होत चाललाय. घरी आईवडील मुलांसमोर बाईंना नावं ठेवतात, आणि वर हे. मुलांना हसवायला दुसरे विषय नाहीत का?

---

खारीबिस्कीट

रानमोगरा, तुमचं म्हणणं कळतंय, माझी आई पण शिक्षिका होती. पण तुम्हीच लिहिलंत ना की ओरडले की वाईट वाटतं. मग ज्याच्यावर ओरडलं त्याला काय वाटत असेल ते बोलायची काहीतरी वाट हवीच ना हो. मला चौथीत एका बाईंनी अक्षरावरून वर्गासमोर वही फाडून दिली होती. मी घरी कोणाला सांगितलं नाही. पण आम्ही मैत्रिणी डब्याच्या सुट्टीत चिंचेच्या झाडाखाली त्या बाईंवर एक गाणं म्हणायचो, चाल आरतीची होती, शब्द आमचे, आणि ते म्हटलं की मला दुपारच्या तासाला परत वर्गात जाऊन बसता यायचं. आज चाळीस वर्षांनी ती फाटलेली वही आठवत नाही इतकं ते गाणं आठवतं.

---

तात्या_पेटीवाले

खारीबिस्कीट, काय लिहिलंत.

रानमोगरा, तुमच्यासारखंच तिकडेही लोकांना वाटलं होतं. मेरीलँडमधल्याच एका काउंटीने त्याची गाणी शाळांमधून बंद केली होती, आणि हाच माणूस व्हाइट हाउसमध्ये आणि स्मिथसोनियन या मोठ्या संग्रहालयातही गाऊन आलाय. म्हणजे वाद जुनाच आहे, तुम्ही एकट्या नाही. पण मी त्याची गाणी ऐकताना एक बघितलं, तो मुलांनाही सोडत नाही. ओकणारा भाऊ, नाकातलं बोट, सगळं आहे. आणि एक गाणं तर आईवडिलांवर आहे, ‘तो बघ अ‍ॅस्परॅगस खातो, तुला काय होतं तसं वागायला’. आता मला सांगा हे मराठी घरातलं नाही का? ‘शेजारचा ओंकार बघ कशी मेथीची भाजी खातो!’ मी हे वाक्य लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की त्या न पाह्यलेल्या ओंकाराचा मला अजून राग आहे.

---

अनामिक कोल्हापूरकर

आमच्यात ओंकार नव्हता, ‘पाटलाचा बाळ्या’ होता. तो म्हणे कारल्याची भाजी मागून खायचा.

---

सांजवेळ

ओंकारवरून लेकीला विचारलं, तर तिला शाळेतल्या तिघांची नावं लगेच आठवली ज्यांची उदाहरणं मी दिलीत. तिघांची!! मी काल तिला सॉरी म्हटलं.

रानमोगरा, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. बाईंचं गाणं आम्ही ऐकलं तेव्हा लेक म्हणाली, ‘आमची बाई अशी नाही, पण बसवाली आहे.’ तिच्या बसमध्ये काय होतं ते मला तोवर माहीतच नव्हतं. मग अर्धा तास तेच बोलत होती. तेव्हा ते गाणं माझ्या उपयोगाला आलं एवढं खरं.

---

वाडेकरीण

कोणी भोंडल्याचं कसं नाही बोललं अजून! अगं बायांनो, आपल्या आज्या-पणज्यांनी जेवढी वात्रट गाणी म्हटलीत तेवढी त्या अमेरिकेतल्या पोराने पण नसतील म्हटली. पाटावर हत्ती काढायचा, फेर धरायचा आणि सासू-सासरे-दीर-नणंद कोणाला सोडायचं नाही. वेड्याचं गाणं आठवा. बायकोने लाडू केले तर हा चेंडू म्हणून खेळत बसला. करंज्या केल्या तर होड्या म्हणून पाण्यात सोडल्या. शेवया केल्या तर गांडुळं म्हणून फेकून दिल्या. श्रीखंड अंगाला फासलं. लहान मुलांना दर कडव्याला ‘आता काय केलं असेल त्याने’ विचारायचं, ती जी काय उत्तरं देतात! आमच्या नातवाने जिलबीचं सांगितलं, ‘चष्मा म्हणून घातली’. आता आमच्याकडे ते कडवं कायमचं झालंय.

सांजवेळ, तुमच्या मंडळात नवरात्रात भोंडला होत असेलच, पण तोवर थांबू नका. फेर घरातच धरा, मधे पाट नसला तर स्टूल ठेवा.

---

चकली

वाडेकरीणकाकू, जिलबीचा चष्मा!!! ढापला हं मी.

पण एक विचारते, त्या गाण्याचं शेवटचं कडवं तुम्ही म्हणता का? बायको पलंगावर झोपलेली असते आणि हा मेली मेली म्हणून तिला जाळून टाकतो ते. आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी त्यावरून बरीच चर्चा झाली, काही जणी म्हणाल्या वगळा, काही म्हणाल्या परंपरा आहे. मी तेव्हापासून मुलं असली की गाळते, पण मनात राहतं की आपण काहीतरी लपवतोय.

---

वाडेकरीण

माझी आजी म्हणायची ते कडवं. हसत म्हणायची आणि शेवटच्या शब्दाला तिचा आवाज जरासा खाली यायचा, हे मला मोठं झाल्यावर कळलं. बाराव्या वर्षी लग्न झालेली बाई होती ती. दिवसभर राबून, लाडू-करंज्या करून नवऱ्याला त्याचं काही नाही, आणि आपण झोपलो तरी मेलो धरतात, हे तिला त्या गाण्यातूनच काय ते बोलता येत होतं. मी नातवंडांबरोबर ते म्हणत नाही, बायकाबायका असलो की म्हणते. लपवत नाही, त्यांची वेळ आली की सांगेन.

---

रानमोगरा

वाडेकरीण, तुमची ही पोस्ट वाचून मी बराच वेळ नुसती बसले.

खारीबिस्कीट, तुम्हालाही उत्तर द्यायचं होतं. बाईंवरचं गाणं मी माझ्या वर्गात लावणार नाही, तेवढं मला राहू द्या. पण काल परिपाठानंतर पाऊस इतका होता की पत्र्यावर काही ऐकूच येईना, तेव्हा मी फळ्यावर लिहिलं ‘शाळा सुटली पाटी फुटली’ आणि मुलांना म्हटलं पाटी तर आता कोणाकडे नाही, मग काय फुटलं ते तुम्ही सांगा. टॅब फुटला, बाटली फुटली, बेंच फुटला, आणि एका मुलीने, जी जूनपासून वर्गात एक अक्षर बोलली नव्हती, पुढे येऊन माझ्या कानात सांगितलं, ‘बाईंचा आवाज फुटला’. मी ते फळ्यावर लिहिलं. सगळा वर्ग आधी माझ्याकडे बघत होता हसायचं का म्हणून. मी हसले मग हसले सगळे. ती मुलगी आज परत बोलली.

---

खारीबिस्कीट

रानमोगरा 🙏 डोळ्यात पाणी आलं.

---

तात्या_पेटीवाले

बाई, तुम्हाला साष्टांग.

पुस्तकांचं राह्यलं. विंदांच्या बालकविता लेकीला वाचून दाखवा, गाणी नसली तरी ताल आतच आहे. ‘एटू लोकांचा देश’ १९६३ चं, ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ १९८१ चं. ज्ञानपीठ मिळालेला कवी भुताला मावशी करतो! मुलाला अंधाराची भीती वाटत असेल तर पिशीमावशीपासूनच सुरुवात करा.

आणि सगळ्यात सोपं म्हणजे स्वतः रचा. ‘अटक मटक चवळी चटक’ म्हणताना चार टाळ्या पडतात बघा, अ, म, च, च. त्या चार टाळ्यांत काहीही बसवा. चाल लागत नाही, पेटी लागत नाही. फक्त शेवटच्या ओळीला काहीतरी उलटं झालं पाहिजे, मुलं त्याचीच वाट बघत असतात.

---

अनामिक कोल्हापूरकर

तात्यांचं ऐकून पोरगा आणि मी काल लाईट गेलेली तेव्हा हे जमवलं. विषय त्याचा, मोजा माझा.

बाबाचा मोजा, बाबाचा मोजा
वास घेऊन पळाला राजा
राणीने धरलं नाकच घट्ट
प्रधान पडला पालथा फट्ट
शिपाई आले लावून मास्क
मोजा उचलायचं अवघड टास्क
आई म्हणाली, हसताय काय?
अजून बाकी दुसरा पाय!

शेवटच्या दोन ओळी पोराच्या आहेत. वय आठ.

---

चकली

दुसरा पाय!!! घरात सगळ्यांना वाचून दाखवलं, जुळी आता नवऱ्याच्या मागे लागलीत मोजा दाखव म्हणून.

---

सांजवेळ

सगळ्यांचे किती आभार मानू. तीन आठवडे झाले म्हणून अपडेट देते.

भोलानाथ चालला, पण तळं साचायच्या जागी तिला स्नो हवा होता, कारण इथे शाळा स्नोने बंद होते. मग आम्ही आमचा भोलानाथ स्नोवाला केला. वेड्याचं गाणं तुफान चाललं. पिशीमावशीचं पुस्तक भावाने पुण्याहून पाठवलंय, अजून पोचायचंय. फोन ढापायचं गाणं एकदाच लावलं आणि दुसऱ्या दिवशी माझा फोन सापडेना, तो डाळीच्या डब्यात होता.

पण सगळ्यात वरचढ ठरला कोल्हापूरकरांचा मोजा. तिला पाठ झालाय. रविवारी आईशी व्हिडिओ कॉल होता. एरवी लेक दोन मिनिटं समोर बसते, ‘आजी मी बरी आहे’ म्हणते आणि पळते. या वेळी उभं राहून अख्खा मोजा म्हणून दाखवला, फट्टला सोफ्यावर पालथी पडून. आई म्हणाली, ‘अगं शिपाई कुठले, आमच्या वेळी असले मोजे विहिरीत टाकायचे.’ झालं, लेकीने विचारलं विहीर म्हणजे काय. आई सांगत बसली, रहाट, दोर, पोहरा, एकदा पोहऱ्यातून बेडूक वर आला ते. लेक मधेमधे विचारत होती, सगळं मराठीत, तोडकंमोडकं पण मराठीत, चाळीस मिनिटं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत नुसती ऐकत होते.

मग तिने स्वतःचं कडवं जोडलं, तसंच्या तसं देते:

आजीची विहीर, आजीची विहीर
बाबाची मोजा पडला आत
बेडूक म्हणाला ई ई ई
आई म्हणाली धुवून घे हात!

आईने लगेच सांगितलं, ‘बाबाची मोजा नाही, बाबाचा.’ लेक म्हणाली, ‘नाही आजी, हा मोजा मुलगी आहे.’ त्यावर दोघींचं अजून मिटलेलं नाही, आई रोज फोन करतेय.

---

वाडेकरीण

लेकीला सांगा तिचं बरोबर आहे. आणि बेडकाचं पुढे काय झालं ते विचारा तिला, आमचा नातू विचारतोय.